वॉरियर्सचं सीझन तिकीट: बरेच महिने वापरल्यावर (घ्या, पण क्रेडिट कार्डानेच)

पुढच्या हंगामाचं तिकीट रिन्यू करायची वेळ आली आणि ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं की वूस्टर वॉरियर्सचं (इंग्लंडमधल्या वूस्टरचा रग्बी क्लब) घ्यावं का, पोरांना आवडतं का, पैसे बुडणार नाहीत ना, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मैदान कुठंय, रग्बी कशी खेळतात हे सांगत बसत नाही, एम-५ वरून जंक्शन ६ ला उतरलं की सिक्सवेज मैदान आलंच. टीम कशी खेळतेय ते पॉइंट्स टेबलात बघा. मला बोलायचंय ते पैशाबद्दल, कारण वर्षभराचे पैसे आपण आधी देतो आणि माल नंतर हप्त्याहप्त्याने मिळतो, आणि या क्लबचा इतिहास बघता हा विचार न करता पैसे भरणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मे २०२२ मध्ये याच टीमने प्रीमियरशिप (म्हणजे वरच्या श्रेणीच्या क्लबांचा) कप जिंकला, फायनल लंडन आयरिशशी, स्कोअर २५-२५, ट्राय (चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडे टेकवणं) जास्त म्हणून वॉरियर्स विजेते. सप्टेंबरमध्ये क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे देणी फेडता येईनात म्हणून कारभार बाहेरच्या प्रशासकांच्या हातात. मधल्या काळात पगार अर्धवट, टॅक्स खात्याचे साधारण ६० लाख पाउंड थकलेले, एकूण देणी अडीच कोटी पाउंडांच्या वर. २४ सप्टेंबरला न्यूकॅसलला ३९-५ असं धुतलं आणि दोन दिवसांनी क्लब गेला. ५ ऑक्टोबरला कोर्टाने खेळाडूंचे करार ज्या कंपनीत होते ती कंपनीच बंद केली, म्हणजे सगळे खेळाडू एका दिवसात मोकळे. आणि जिच्याशी फायनल खेळले ती लंडन आयरिश? जून २०२३ मध्ये तीही लीगमधून बाहेर, देणी ३ कोटींच्या आसपास. एका फायनलच्या दोन्ही टीम तेरा महिन्यांत गायब, असं मी तरी दुसऱ्या कुठल्या खेळात बघितलं नाही.

मध्ये वॉस्प्स ही आणखी एक रग्बी टीमही गेली, ऑक्टोबर २०२२, एका दिवसात १६७ लोकांची नोकरी गेली. सहा वेळा इंग्लंडचे चॅम्पियन, दोनदा युरोपचे. त्यांनी कॉव्हेंट्रीतलं स्टेडियम घेतलं आणि २०१५ ला लोकांकडून साडेसहा टक्क्यांच्या बाँडवर साडेतीन कोटी पाउंड उचलले, परतफेड मे २०२२ ला, ती झालीच नाही. साडेसहा टक्के, त्या काळात, जेव्हा इकडच्या बँका एक टक्का द्यायलाही कुरकुरत होत्या! एवढं व्याज कोण कशासाठी देतंय हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही काकांनी पहिल्या मिनिटाला विचारला असता.

कारणं काही गूढ नाहीत. खेळाडूंचे पगार उत्पन्नाच्या मानाने फार, घरच्या मॅचेस मोजक्या, त्यामुळे दरवर्षी तोटा आणि तो कुणीतरी श्रीमंत माणूस खिशातून भरतो. वूस्टरसाठी हे वर्षानुवर्षं सेसिल डकवर्थ यांनी केलं, बॉयलरवाले, म्हणजे घरोघरी जे वूस्टर बॉयलर दिसतात त्या कंपनीचे संस्थापक. असा माणूस गेला किंवा कंटाळला की खाली जमीन नसते. वर कोविडमध्ये सरकारने प्रीमियरशिप क्लबांना मदत दिली तीही बहुतेक कर्जाच्या रूपात, १२ कोटींच्या वर. कर्ज म्हणजे फेडायचं आलं. न्यूकॅसलला २०२५ मध्ये रेड बुलने विकत घेतलं म्हणून ते वाचले, पण प्रत्येकाला रेड बुल कुठून मिळणार.

आता माझा मुख्य मुद्दा. क्लब बुडला की पैशांच्या रांगेत आपण कुठे उभे असतो? आधी ज्यांच्याकडे मालमत्ता तारण आहे ते, मग कर्मचाऱ्यांचा ठरावीक थकलेला पगार, मग २०२० च्या डिसेंबरपासून टॅक्स खातंही व्हॅट आणि पगारातून कापलेल्या टॅक्ससाठी पुढे घुसलंय, आणि सगळ्यात शेवटी पाववाला, छपाईवाला आणि सीझन तिकीटवाले. तिथपर्यंत पाउंडाला काही पेन्स आले तरी नशीब.

म्हणून क्रेडिट कार्ड. इथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यात कलम ७५ आहे. वस्तू १०० पाउंडांपेक्षा महाग आणि ३०,००० पर्यंत असेल, आणि तुम्ही थोडे तरी पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील, तर विकणाऱ्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार. विकणारा बुडाला तरी कार्ड कंपनीकडे पूर्ण रक्कम मागता येते. मला हे एका ट्रॅव्हल एजंटमुळे कळलं, मुंबईची तिकिटं काढली होती, दुकान रातोरात बंद. ज्यांनी 'ट्रान्सफर केलं तर पंधरा पाउंड कमी' ऐकून बँकेतून पैसे पाठवले ते अजून बोंबलतायत, मला बऱ्याच फोनाफोनीनंतर सगळे परत मिळाले. तेव्हापासून मी दुधाची बाटलीही कार्डानेच घेतो असं बायको म्हणते.

पण यात बारीक गोष्टी आहेत आणि त्या कुणी सांगत नाही. १०० ची अट एका वस्तूला आहे, बिलाला नाही. मोठ्यांचं तिकीट अटीत बसतं, पण पोराचं १०० च्या खाली असेल तर ते कलम ७५ मध्ये येत नाही, त्याला फक्त चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत विकणाऱ्याकडून पैसे परत मागणं, आणि तो कार्डवाल्यांचा आपापसातला नियम, कायदा नाही. दुसरं, पैसे नक्की कुणाच्या खात्यात जातात ते बघा. मध्ये तिसरीच तिकीट विकणारी कंपनी असली तर कार्डवाले म्हणू शकतात की तुमचा व्यवहार क्लबशी नव्हताच. पैसे भरले की स्टेटमेंटवर आलेल्या नावाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मी काढलाय. तिसरं, डायरेक्ट डेबिटला (खात्यातून आपोआप कापून जाणारे हप्ते) गॅरंटी असते ना असं सगळे म्हणतात, ती चुकीची रक्कम कापली तर, क्लब बुडला तर नाही. आणि डेबिट कार्डाला कलम ७५ लागूच नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा माणूस मॅच बघतो की नुसते कागद. सुरुवातीला माझं मत पक्कं होतं की असल्या क्लबचं सीझन तिकीट घेऊच नये, मॅच टू मॅच घ्यावं, सूट गेली तर गेली. एक हंगाम घेऊन बघू म्हटलं ते फक्त पोराच्या हट्टापायी. हिवाळ्यात ते मत ढिलं झालं. शेजारच्या सीटवर एक आजीबाई असतात, थर्मास, गुडघ्यावर चौकड्याची शाल, रेफ्रीला अख्खी मॅच 'यंग मॅन' म्हणून झापतात. त्यांना माझी कलम ७५ ची थिअरी सांगितली तर हसून म्हणाल्या, अरे, मी हे पैसे परत मागणारच नाहीये. मैदान रिकामं पडलेली ती वर्षं त्यांनी बघितलीत, शनिवारी दुपारी करायचं काय हा प्रश्न होता म्हणाल्या. तेव्हा कळलं की इथल्या जुन्या लोकांसाठी ही आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखी गोष्ट आहे, पावती घेतात पण हिशेब विचारत नाहीत. त्यांचं त्यांना बरोबर आहे. मी काही इथे लहानाचा मोठा झालो नाही, मी हिशेब विचारणार.

आणि विचारायला जागा आहे. २०२५-२६ ला वॉरियर्स परत आले ते दुसऱ्या श्रेणीत, ज्याला आता चॅम्प रग्बी म्हणतात. इथे टीव्हीचे पैसे नावाला. वर जायचं तर नुसतं जिंकून भागत नाही, निकष लागतात, २०२२ ला ईलिंग हा क्लब याच श्रेणीत (तेव्हाची चॅम्पियनशिप) पहिला आला आणि १०,००१ प्रेक्षकांच्या जागेच्या अटीवर अडकला. सिक्सवेजला तेवढी जागा आहे, ही या क्लबची मोठी जमेची बाजू, बाकीचे या श्रेणीतले क्लब त्यासाठी तरसतात. पण वर गेल्यावर काय? अलीकडच्या एका अहवालात प्रीमियरशिपच्या दहापैकी सात क्लबांची देणी मालमत्तेपेक्षा जास्त निघाली. म्हणजे बढती मिळाली म्हणून पेढे वाटायचे की पाकीट सांभाळायचं. जर्सी रेड्स या क्लबचं उदाहरण आहेच, २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे चॅम्पियन, त्याच वर्षी सप्टेंबरात बंद.

माल म्हणून विचाराल तर उत्तम आहे. पोरं मोकळी फिरतात, शिव्या जवळपास नाहीत, दोन्ही टीमचे लोक एकत्र बसतात, फुटबॉलसारखे पोलीस मध्ये नसतात. वारा मात्र मरणाचा लागतो, थर्मल घाला. खायचं महाग आहे, आम्ही थेपले आणि चटणी नेतो, आजीबाईंना थेपला इतका आवडला की आता एक डबा जास्त जातो. पार्किंगच्या बाबतीत एका खाजगी ॲपशी माझं भांडण चालू आहे, ते वेगळं लिहीन, क्लबचा त्यात संबंध नाही.

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार खेळाचा नाही, भरवशाचा. क्लबने दरवर्षीचे अकाउंट वेळेवर भरले आणि ते मला कंपनीज हाउसवर (सरकारची कंपन्यांची नोंदवही) फुकट वाचायला मिळाले तर तोही देईन. रिन्यू करतोय, दोन मोठी आणि एक पोराचं, आणि पोराचं या वेळी कुठल्या तरी पॅकेजमध्ये टाकून १०० च्या वर नेता येतं का ते बघतोय. कुणी केलं असेल तर सांगा.