खाऱ्या वाऱ्यात व्हिडिओ : सोनी झेडव्ही-ई १० वापरल्यानंतरचा अनुभव

मालवणच्या किनाऱ्यावरची रापण, मासळीचा लिलाव आणि जत्रांमधले दशावतारी प्रयोग चित्रित करण्यासाठी मी सोनीचा झेडव्ही-ई १० हा कॅमेरा घेतला, त्याला आता जत्रांचा एक हंगाम, एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटून गेला आहे. व्हिडिओचे काम नव्याने हाती घेणारे अनेक जण ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असे विचारतात. कॅमेरा कुठे चालवायचा आहे हे ठरल्याशिवाय ह्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, आणि तो कोकणपट्टीत चालवायचा असेल तर वारा, मीठ, ओलावा आणि अंधार ह्यांचा विचार मेगापिक्सेलच्या आधी करावा लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

हा कॅमेरा २०२१ साली बाजारात आला. त्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, असून बॅटरी आणि कार्डासह बॉडीचे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आतच आहे. निवड करताना माझ्यासमोर निकॉनचा झेड ३०, कॅननचा आर ५० आणि डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ हेही पर्याय होते. पॉकेट ३ मध्ये गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा, अंगभूत असल्याने चालता चालता घेतलेले चित्रण अत्यंत स्थिर येते, आणि ज्यांना मुख्यतः प्रवासाचे व्हिडिओ करायचे आहेत त्यांना मी आजही तोच सुचवेन. मात्र त्याचा सेन्सर एक इंची, म्हणजे क्षेत्रफळाने एपीएस-सीच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे, शिवाय त्याची लेन्स बदलता येत नाही; रात्रीच्या जत्रेसाठी मला ह्या दोन्ही गोष्टी अडचणीच्या वाटल्या. झेड ३० आणि आर ५० हे दोन्ही उत्तम कॅमेरे आहेत, परंतु दोघांनाही हेडफोन लावण्याची सोय नाही. झेडव्ही-ई १० ला ती आहे, आणि माझा निर्णय प्रामुख्याने ह्याच एका भोकावर झाला.

हेडफोनला मी इतके महत्त्व का देतो, हे किनाऱ्यावर काम करणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळाकार टाकून झाले की त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसे दोन्ही बाजूंनी ओढत आणतात, आणि त्या ओढण्याचा खरा ताल हाकाऱ्यांमध्ये, आरोळ्यांमध्ये आणि वाळूत रुतणाऱ्या पावलांच्या आवाजात असतो. चित्र थोडे हलले तर पाहणारा ते सहन करतो, पण आवाजात वाऱ्याची भणभण शिरली की तो व्हिडिओ पुढे पाहत नाही. कानात हेडफोन असल्याशिवाय ही भणभण जागेवर कळत नाही, कारण आपले कान तिला सरावलेले असतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर तीन कॅप्सूलचा माइक आहे आणि त्यावर बसवायची केसाळ टोपी खोक्यातच मिळते. सकाळी मतलई वारा हलका असताना ही टोपी घालून आठ-दहा फुटांवरच्या माणसाचे बोलणे स्वच्छ येते. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो तेव्हा मात्र ती अपुरी पडते, आणि वक्त्याच्या सदऱ्याला लावलेला फोमचा बोंडा असलेला कॉलर माइक किंवा वायरलेस माइक हाच उपाय उरतो. म्हणून मुलाखती मी शक्यतो उन्हे चढण्याच्या आत उरकतो. बॉडीवर खर्च करताना हात आखडता घ्यावा लागला तरी चालेल, पण माइकचे पैसे आधी बाजूला काढून ठेवावेत, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

आवाजाची पातळी हातानेच ठरवावी. दशावतारात पायपेटी, मृदंग आणि झांज एकदम चढतात, मग संवाद सुरू होताच सगळे शांत होते. पातळी स्वयंचलित ठेवली तर शांततेच्या जागी जनरेटरची घरघर वर उचलली जाते आणि पुढच्या थापेला आवाज फाटतो. झांजेच्या सर्वांत मोठ्या ठोक्याला पट्टी लाल होणार नाही इतकी पातळी प्रयोगाच्या सुरुवातीलाच बांधून घेतली की रात्रभर तिच्याकडे पाहावे लागत नाही.

फोकस हा ह्या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण आहे. डोळा आणि चेहरा ओळखून फोकस त्यावर टिकवण्याचे काम तो इतक्या विश्वासाने करतो की एकट्याने काम करणाऱ्याला जणू एक मदतनीसच मिळतो. रंगवलेल्या चेहऱ्यावर, डोक्यावर मुकुट असताना आणि पात्र गिरकी घेऊन परत समोर आल्यावरही तो चेहरा पुन्हा पकडतो. दशावतारातले एक पात्र असलेल्या संकासुराचा चेहरा काळ्या मुखवट्याआड असल्यामुळे तिथे चेहरा ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी स्क्रीनवर त्या पात्राला बोटाने स्पर्श करून मागोवा लावून द्यावा. फोकस एका व्यक्तीवरून दुसऱ्या व्यक्तीवर किती वेगाने जावा आणि मध्येच काही आडवे आले तर तो किती लवकर हलावा, ह्यासाठी मेनूत दोन स्वतंत्र पर्याय आहेत. जत्रेत समोरून माणसे सतत जात असतात, म्हणून दुसरा पर्याय मी सर्वांत कमी संवेदनशीलतेवर ठेवला आहे. चित्रण चालू असल्याचे दाखवणारा समोरचा लाल टॅली दिवाही मेनूतून बंद केला आहे, कारण पहिल्या रांगेतून तो थेट कलाकाराच्या डोळ्यांत जातो.

आता प्रकाशाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्याने शिकणाऱ्याला दुकानात ही गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळ-मंद होतात, आणि सेकंदाला ३० चौकटी (म्हणजे चित्रे) व शटर १/६० सेकंद असे चित्रण केले तर पडद्यावर पट्ट्या सरकताना दिसतात. मेनूतला पर्याय ‘पीएएल’वर (५० हर्ट्झच्या विजेशी जुळणारी व्हिडिओ पद्धत) ठेवावा, सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० घ्यावे. मग ही अडचण बहुतेक ठिकाणी राहत नाही. ह्याचा आणखी एक फायदा असा की ह्या कॅमेऱ्यात ४के चित्रण ३० चौकटींवर केले तर दृश्याच्या कडा कापल्या जातात, तर २५ चौकटींवर सेन्सरची पूर्ण रुंदी वापरली जाते. होडीत बसून समोरचा माणूस आणि त्याच्या मागचे जाळे एकाच चौकटीत घ्यायचे असते, तेव्हा ही रुंदी फार मोलाची ठरते.

शटर १/५० वर बांधले की दिवसा दुसरा प्रश्न उभा राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ठेवूनसुद्धा ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/२२ च्या आसपास न्यावे लागते, आणि इतक्या लहान छिद्रातून येणारे चित्र मऊ पडते. ह्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कमी करणारी काळसर काच, हवीच. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सला ४०.५ मिलिमीटरचा फिल्टर बसतो. तीन स्टॉपचा (प्रकाश एक अष्टमांश करणारा) एनडी लावला की छिद्र एफ/८ वर येते आणि चित्राला धार येते. कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी दोन ध्रुवणकारी काचांचा असतो, त्यामुळे कोन नीट जुळला तर पाण्यावरची चकाकी कमी होऊन तळाचा खडकही दिसू लागतो. तो शेवटच्या टोकापर्यंत फिरवला तर मात्र आकाशात फुलीसारखा काळा डाग उमटतो, म्हणून त्याच्या अलीकडेच थांबावे. एस-लॉगच्या, म्हणजे रंग नंतर संगणकावर उठवण्यासाठी फिकट चित्रण करण्याच्या पद्धतीच्या, मागे सुरुवातीला लागू नये, असे माझे मत आहे. ह्या कॅमेऱ्यात रंगांची नोंद ८ बिटची, म्हणजे कमी छटांची, असल्याने, सूर्यास्ताच्या आकाशासारख्या सावकाश बदलणाऱ्या रंगांना लॉगमधून पुन्हा उठाव देताना पट्टे पडतात.

रात्रीसाठी किट लेन्स पुरत नाही, हे खरेदीच्या वेळीच मान्य करावे. १६-५० मिलिमीटरची ही लेन्स लहान, हलकी आणि दिवसाच्या कामाला अतिशय सोयीची आहे, परंतु तिचे सर्वांत मोठे छिद्र एफ/३.५ आणि झूम केल्यावर एफ/५.६ आहे. मी सिग्माची १६ मिलिमीटर एफ/१.४ ही लेन्स घेतली. एफ/३.५ च्या तुलनेत ती सहापटींहून अधिक प्रकाश आत घेते, आणि देवळासमोरच्या मांडवात चार दिव्यांखालीसुद्धा आयएसओ १६०० ते ३२०० मध्ये काम भागते. जरीच्या कडा, कपाळावरचे गंध, घामाने ओघळलेला रंग हे सर्व त्यात दिसते. सोनीचा ई माउंट (लेन्स जोडण्याचे तोंड) २०१० पासून चालत आलेला असल्यामुळे इतर कंपन्यांच्या आणि जुन्या बाजारातल्या लेन्सा भरपूर मिळतात. मर्यादित पैशांत सुरुवात करणाऱ्याने ही बाजू अवश्य विचारात घ्यावी.

ह्या बॉडीमध्ये सेन्सर हलवून स्थिरता देणारी यंत्रणा नाही. किट लेन्समध्ये स्थिरीकरण आहे, सिग्मामध्ये नाही, आणि कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चालू केले की चौकट बरीच कापली जाते. माझे बहुतेक काम ट्रायपॉडवर किंवा मोनोपॉडवर होत असल्याने मला हे चालते. चालत्या रेल्वेच्या खिडकीतून किंवा वेगाने कॅमेरा फिरवून चित्रण करायचे असेल तर माडांचे बुंधे तिरके होतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. कॅमेरा सावकाश फिरवणे हाच त्यावरचा इलाज आहे.

बॅटरी लहान आहे. निदान तीन जवळ असाव्यात. प्रयोग रात्रभर चालतो आणि पहाटे दहीकाल्यानेच संपतो, तेव्हा यूएसबी-सी तारेने पॉवर बँक जोडून चित्रण चालू ठेवता येते, ही मोठीच सोय आहे. ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटवर केले तर मिनिटाला सुमारे ७५० मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते आणि कार्ड यू३ दर्जाचे, म्हणजे वेगाने नोंद करणारे, असावे लागते. पूर्ण प्रयोगाची नोंद मी फुल एचडीत ५० मेगाबिटवर करतो आणि निवडक प्रवेशच ४केमध्ये घेतो. उन्हाळ्यात दीर्घ चित्रणासाठी, कॅमेरा किती तापल्यावर बंद व्हावा हा पर्याय ‘हाय’ वर ठेवावा, स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवावी आणि वर छत्री धरावी.

ओलाव्याचा विषय आमच्याकडे सर्वांत कठीण आहे. ह्या वर्गातले कॅमेरे पाणी-धूळरोधक नसतात. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरू लागते, आणि जून ते सप्टेंबर आमच्या घरात काटा त्याच्या खाली क्वचितच येतो. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट उत्तम. पण वादळी पावसात वीज जाते तेव्हा त्याचा भरवसा राहत नाही. मी रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवतो, आणि काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहील असे पाहतो. रंग बदलणारे सिलिका जेल घ्यावे. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात. अनेक जण तांदळात कॅमेरा पुरून ठेवायला सांगतात, तसे कृपया करू नये. तांदळाचा भुगा कॅमेऱ्याच्या भोकांत जाऊन बसतो.

किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बॉडी आणि ट्रायपॉडचे पाय पुसावेत, मग कोरड्या फडक्याने. मीठ हवेतला ओलावा शोषत राहते, म्हणून नुसत्या कोरड्या फडक्याने काम भागत नाही, उलट मिठाचे कण घासून काचेवर चरे पडतात. लेन्स किनाऱ्यावर कधीही बदलू नये. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा, नाहीतर काचेवर धुके धरते आणि सकाळचा लिलाव तोवर संपून गेलेला असतो.

२०२४ मध्ये ह्याची दुसरी आवृत्ती आली असून तिच्यात मोठी बॅटरी, १० बिटची नोंद आणि सेकंदाला ६० चौकटींपर्यंतचे ४के चित्रण आहे. नवा कॅमेरा घेणाऱ्याला परवडत असेल तर केवळ बॅटरीसाठीसुद्धा तीच घ्यावी असे मी म्हणेन. ज्यांचे पैसे मर्यादित आहेत त्यांनी पहिली आवृत्ती वापरलेली घेऊन उरलेली रक्कम माइक, एनडी फिल्टर आणि हवाबंद डब्यावर खर्च करावी. वापरलेला माल किनारपट्टीवरच्या माणसाकडून घेत असाल तर लेन्स काढून तिच्या मागून मोबाइलची टॉर्च धरावी आणि पुढून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. बॅटरीच्या कप्प्यातली पितळी टोके हिरवट झाली आहेत का, वरच्या हॉट शूच्या (फ्लॅश किंवा माइक बसवायच्या खाचेच्या) पट्टीवर आणि तळाच्या स्क्रूच्या डोक्यावर गंज आहे का, हेही तपासावे. त्यानंतर माइक आणि हेडफोन दोन्ही जोडून, तारा हलवत, पाच मिनिटे चित्रण करून ऐकावे; आवाजात खरखर आली तर सौदा कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नये.