रिसीव्हरच्या जोडीला वेगळा पॉवर ॲम्प : कोल्हापुरातील एका हॉलमधील परीक्षण

डेनॉनच्या एव्हीआर-एक्स३८००एच या होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये स्पीकरना शक्ती देणारे ॲम्प्लिफायर (ॲम्प) नऊ आहेत, मात्र त्याचा प्रोसेसर अकरा चॅनलचा, म्हणजे अकरा स्पीकरसाठी वेगवेगळा आवाज तयार करू शकतो. समोर तीन, बाजूंना दोन, मागे दोन आणि छताला चार अशी ७.१.४ ची (मधला एक म्हणजे खोल आवाजाचा सबवूफर) मांडणी करायची असेल, तर उरलेल्या दोन स्पीकरसाठी ॲम्प बाहेरून आणावाच लागतो. ताराबाई पार्कातील आमच्या हॉलमध्ये हीच मांडणी असल्यामुळे वेगळा ॲम्प घ्यावा की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता उरलाच नव्हता. तो कोणत्या दोन स्पीकरना द्यावा आणि त्यातून प्रत्यक्षात काय पदरात पडते, एवढेच पाहायचे होते. म्हणून हे परीक्षण एकट्या रिसीव्हरचे नाही किंवा एकट्या ॲम्पचेही नाही. ते दोघांच्या जोडणीचे आहे.

राजारामपुरीतील ज्या दुकानातून दोन चॅनलचा क्लास डी (कमी तापणाऱ्या जातीचा) पॉवर ॲम्प घेतला, तेथील अनुभव चांगला होता. मी किती वॅटचा ॲम्प लागेल असे विचारताच दुकानदार म्हणाले, “वॅटचं नंतर बघू साहेब, आधी स्पीकर कुठला हाय आणि तुम्ही किती लांब बसताय ते सांगा.” दुकानात पाऊल ठेवताच हजार वॅटचे आकडे ऐकवणारे विक्रेते आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. त्यांनी डेमोसाठी ॲम्प घरी पाठवला, आमच्याच स्पीकरवर ऐकवला आणि मगच पैसे घेतले.

दुकानदारांच्या प्रश्नामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. माझे समोरचे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतात आणि सोफा तीन मीटरवर आहे. मोकळ्या जागेत एवढ्या अंतरावर साडेनऊ डेसिबल घटतात. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे घट त्याहून कमी होते, पण हिशेब कडक धरलेला बरा. सिनेमागृहाच्या प्रमाणित पातळीला प्रत्येक मुख्य चॅनलचा उच्चांक १०५ डेसिबल असतो. घरात त्याच्या दहा डेसिबल खाली ऐकले, तर ९५ डेसिबलच्या उच्चांकासाठी जेमतेम ५६ वॅट पुरतात. तोच उच्चांक पूर्ण प्रमाणित पातळीवर हवा असेल, तर साडेपाचशे वॅटच्या वर जावे लागते, कारण दर दहा डेसिबलला शक्ती दहापट लागते. दहा डेसिबल खालचा आवाजसुद्धा आमच्या घरात मोठा समजला जातो आणि वरच्या मजल्यावरून निरोप येण्यासाठी तेवढा पुरेसा असतो. शंभर वॅटऐवजी दोनशे वॅटचा ॲम्प घेतल्यास हाती येतात फक्त तीन डेसिबल, हेही लक्षात ठेवावे.

मग रिसीव्हरच्या १०५ वॅटमध्ये काम भागायला हवे, असे कोणीही म्हणेल. बहुतेक वेळा ते भागतेही. अडचण अशी की हा आकडा दोनच चॅनल चालू असताना, ८ ओहमच्या भारावर मोजलेला आहे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध; तो जितका कमी, तितका ॲम्पवर ताण जास्त). नऊही ॲम्पना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय एकच असतो. टाकी एक आणि नळ नऊ, असा तो प्रकार आहे. सिनेमात सगळे चॅनल एकाच क्षणी पूर्ण जोरात वाजण्याचे प्रसंग थोडे असतात आणि ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग सबवूफरकडे वळवला की भार आणखी उतरतो. पण स्पीकर ४ ओहमचे असले आणि खोली मोठी असली, तर त्या थोड्या प्रसंगांत फरक पडू शकतो. माझे समोरचे स्पीकर ४ ओहमचे आहेत. त्यामुळे छताचे आणि मागचे हलके स्पीकर रिसीव्हरकडे ठेवून समोरचे डावे-उजवे बाहेरच्या ॲम्पला दिले. पहिल्यांदा जोडणी करणारे पुष्कळ जण याच्या उलट करतात, म्हणजे नवा ॲम्प मागच्या स्पीकरना देतात, आणि त्यामागचे कारण मला अजून उमगलेले नाही.

जोडणीत अवघड काही नाही. रिसीव्हरच्या मागील फ्रंट प्री-आउटमधून, म्हणजे समोरच्या चॅनलचा ॲम्पआधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या जागेतून, दोन आरसीए केबल ॲम्पच्या इनपुटला जातात आणि स्पीकरच्या तारा ॲम्पला लागतात. १२ व्होल्टची ट्रिगर केबल लावली, तर रिसीव्हरबरोबर ॲम्प आपोआप चालू-बंद होतो. रिसीव्हरच्या मेनूमध्ये समोरची जोडी बाहेर गेल्याचे सांगावे लागते. या मॉडेलमध्ये त्या चॅनलचा आतला ॲम्प पूर्णपणे तोडण्याची सोय आहे आणि ती वापरणे उत्तम. त्यानंतर ऑडिसीचे कॅलिब्रेशन, म्हणजे माइक लावून रिसीव्हरकडून स्पीकरची पातळी जुळवून घेणे, नव्याने करणे अनिवार्य आहे, कारण बाहेरच्या ॲम्पचा गेन (तो सिग्नल किती पट वाढवतो ते प्रमाण) आतल्या ॲम्पइतकाच असेल असे नाही. जुन्याच आकड्यांवर ऐकले, तर समोरचे स्पीकर इतरांपेक्षा मोठे वाजू शकतात, आणि ऐकणारा त्यालाच नव्या ॲम्पची करामत समजून बसतो. मापनानंतर समोरच्या चॅनलची पातळी उणे १२ डेसिबलला अडकलेली दिसली, तर ॲम्पचा गेन कमी करून मापन पुन्हा घ्यावे, कारण त्याखाली रिसीव्हर जाऊच शकत नाही.

आता आवाजाविषयी. साउंड लेव्हल मीटरने दोन्ही जोडण्यांची पातळी सारखी करून घेतल्यावर रोजच्या आवाजात मला फरक ओळखता आला नाही आणि सोबत बसलेल्या मेहुण्यांनाही आला नाही. गायन, बातम्या, मालिका, संवादप्रधान चित्रपट यांत ॲम्प बदलल्याची चाहूलही लागत नाही. आवाजाला ऊब आली, पडदा दूर झाला, अशी वर्णने या विषयावर भरपूर वाचायला मिळतात. सारख्या पातळीवर मला त्यांतले काही ऐकू आले नाही. फरक जाणवला तो आवाज चढवल्यावर, युद्धाच्या किंवा वादळाच्या प्रसंगांत. तेथे आधी समोरचा आवाज थोडा कडक होऊन कानाला टोचत असे, आणि आता तो मोकळा राहतो. संवादांची गोष्ट वेगळी. ते मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात आणि तो अजून रिसीव्हरवरच आहे. ज्यांचा सेंटर स्पीकरही ४ ओहमचा आहे, त्यांनी दोनऐवजी तीन चॅनलचा ॲम्प पाहावा, असे माझे मत आहे.

ज्याची मी फारशी अपेक्षा केली नव्हती, तो लाभ उष्णतेचा आहे. आपल्याकडे रिसीव्हर टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये बसवण्याची पद्धत आहे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात लांबलचक चित्रपट संपेपर्यंत त्याचे झाकण हात ठेवता येणार नाही इतके तापायचे. सर्वांत जड दोन स्पीकर बाहेर गेल्यावर ते आता कोमट राहते. तरीही शोकेसची मागची फळी काढून टाकावीच, आणि ॲम्प रिसीव्हरच्या डोक्यावर कधीही ठेवू नये.

घरघर हा या जोडणीतला खरा त्रास. ॲम्पला तीन पिनांचा अर्थिंगचा प्लग आणि रिसीव्हरला केबल टीव्हीची वायर असेल, तर दोन वाटांनी अर्थिंग मिळून ग्राउंड लूप तयार होतो आणि स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्‌झची घरघर सुरू होते. दोन्ही यंत्रे एकाच सॉकेटच्या पट्टीवर घेतल्याने माझ्याकडची घरघर बरीच उतरली. उरलेली केबल टीव्हीच्या वायरवर आयसोलेटर (अर्थिंगची ती वाट तोडणारे छोटे उपकरण) लावल्यावर गेली. यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. तसे कदापि करू नये, त्यात जिवाला धोका आहे. जुन्या पेठांतील घरांमध्ये तर अर्थिंग मुळात आहे का, हेच आधी तपासून घ्यावे. वीज गेल्यावर चालणाऱ्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही ही यंत्रे ठेवू नयेत. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात आणि तो आवाज स्पीकरमध्ये उतरू शकतो.

स्टेजसाठी बनवलेले ॲम्प त्याच पैशांत कितीतरी जास्त वॅट देतात, आणि गणपतीच्या मिरवणुकांमुळे कोल्हापुरात ते दुरुस्त करणारे हातही सहज मिळतात. मात्र त्यांतील अनेकांत पंखा असतो आणि बरेचसे एक्सएलआर इनपुटवर, म्हणजे तीन पिनांच्या स्टेजच्या प्लगवर, चालतात, तेव्हा घेण्यापूर्वी रात्रीच्या शांततेत एकदा ऐकून पाहावेत.

पाच किंवा सात स्पीकर, ८ ओहमचा भार आणि बारा-पंधरा फुटांचा हॉल असलेल्यांना हा खर्च मी सुचवणार नाही. एक्स३८००एच चार सबवूफर स्वतंत्रपणे हाताळू शकतो. त्यांनी ॲम्पच्या पैशांत दुसरा सबवूफर आणि भिंतींसाठी जाड पडदे घ्यावेत. नवा रिसीव्हर घेणाऱ्यांनी मात्र सर्व चॅनलचे प्री-आउट आहेत का, हे दुकानातच यंत्र उलटे फिरवून पाहावे, कारण ते नसतील तर पुढे पॉवर ॲम्प जोडण्याची वाट जवळपास बंद होते.