५२ सीसी ब्रश कटर: गवताला भारी, झुडपांना अर्धंच

जमिनीसकट जुनं घर घेतलं की घराचं कसंही करून जमतं. गळतं छप्पर दिसतं, कुजलेली चौकट दिसते, काय करायचं ते कळतं. पण वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या जमिनीत नक्की काय आहे हेच दिसत नाही. आमच्या कुंपणाचा मागचा कोपरा कुठे आहे, हे आम्हाला कागदावर माहीत होतं. प्रत्यक्षात मध्ये छातीएवढं रान. कोयत्याने रोज थोडं थोडं कापायचं ठरवलं, तर एका टोकाला पोचेपर्यंत दुसरीकडचं परत गुडघ्याला लागायचं. म्हणून हे ब्रश कटर आलं: खांद्याला अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं, लांब दांडीच्या टोकाला फिरतं पातं असलेलं मशीन. एक अख्खा हंगाम वापरून झालाय, आता लिहायला हरकत नाही.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याने फारसा फरक पडत नाही. बाजारात वेगवेगळ्या रंगांत आणि स्टिकरांखाली मिळणारी बरीचशी ५२ सीसी मशीन्स आतून सारखीच असतात: ४४ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ३४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), टू-स्ट्रोक इंजिन. ४३ सीसीवाल्यांचा स्ट्रोकही बहुतेकदा तोच, बोअर तेवढा ४० मिमी. दोन्हींच्या ताकदीत फरक आहे, पण खोक्यावरचे आकडे वाचून वाटतो तेवढा नाही.

आधी चांगलं सांगते. गवतात या मशीनला तोड नाही. तीन दातांचं पातं लावायचं, अर्ध्याहून थोडी जास्त रेस द्यायची आणि उजवीकडून डावीकडे झोका घ्यायचा. पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे कापलेलं गवत आपोआप डाव्या हाताला ओळीने पडत जातं. ही लय सापडली की हात फार लागत नाहीत, कंबर वळते तेवढीच. जिथे पाऊल टाकायची हिंमत होत नव्हती तिथे पायवाट झाली, मग जुना दगडी बांध दिसला, आणि बांधाच्या पलीकडे जमिनीला केवढा उतार आहे हेही पहिल्यांदाच कळलं. तिथे मी मशीन बंद केलं. उतारावरचं गवत बुडापासून काढलं तर पहिल्या जोरदार पावसात माती खाली येणार. तिथे वीतभर उंची ठेवूनच कापते, आणि बांधालगतचा पट्टा तर तसाच सोडलाय. सापांना, सरड्यांनाही कुठेतरी जायला जागा हवी. नाहीतर ते घराकडेच येतील. कापायला सुरुवातही घरापासून बाहेरच्या दिशेने करावी ती याचसाठी.

आता झुडपं. जाहिरातीत माणूस मनगटाएवढी खोडं सपासप उडवताना दिसतो. अंगठ्याएवढ्या खोडापर्यंत तीन दातांचं पातं ठीक आहे. त्यापुढे बारीक दातांचं गोल पातं लागतं, आणि तरीही दोन इंचांच्या वर गेलात की सरळ हातकरवत घ्या, जीव वाचेल. शिवाय पात्याचा समोरचा उजवीकडचा पाव भाग जाड खोडाला लागला की अख्खी दांडी उजवीकडे हिसका देते. खोडाला नेहमी पात्याची डावी बाजू लावायची. सोबतच्या पुस्तिकेत हे एका चित्रात उरकलंय, तेही बोटाच्या पेराएवढ्या. पंधरा मीटरच्या आत दुसरं कोणी नको, हे मात्र ठळक छापलंय, आणि ते खरंच पाळायचं असतं. पात्याखालून उडालेला खडा कुठे जाईल याचा भरवसा नाही.

आणि मुख्य म्हणजे झुडूप कापलं म्हणजे गेलं असं होत नाही. घाणेरीसारखं झुडूप बुडातून दुप्पट फांद्या घेऊन उठतं. मशीनने वरचा पसारा काढायचा आणि जमीन ओली असतानाच कुदळ-पहार घेऊन मुळं उकरायची; हे दुसरं काम कोणतंही सीसी करून देत नाही. आमच्याकडे ज्या भागात मुळं काढली तो भाग आज शांत आहे. जिथे फक्त पातं फिरवलं, तिथे तेच झुडूप परत उभं आहे, आधीपेक्षा दाट.

पात्याऐवजी लावायचं, नायलॉन दोरीने गवत कापणारं डोकंही सोबत येतं. ही कल्पना १९७१ सालची, ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची. गाडी धुण्याच्या ठिकाणचे फिरणारे ब्रश पाहून त्यांना ती सुचली, आणि पहिला नमुना त्यांनी पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून, त्यात मासेमारीची दोरी ओवून केला. घराच्या भिंतीलगत, दगडांच्या कडेने, जिथे पातं आपटेल तिथे दोरीच बरी. डोकं जमिनीवर हलकं आपटलं की दोरी पुढे सरकते. निदान सरकायला हवी. सोबत आलेल्या डोक्यात ती आतल्या आत वितळून चिकटायची. वेगळं घेतलेलं डोकं व्यवस्थित चालतंय. दोरी वापरण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवली तर कमी तुटते, कारण नायलॉन पाणी शोषून लवचीक होतं. फक्त नव्या रोपांजवळ ती नेऊ नका. कोवळी साल गोलाकार सोलली गेली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, आणि रोप उभ्या उभ्या वाळतं. रोपाभोवती हातभर जागा हाताने उपटायची, वर कापलेल्याच गवताचं आच्छादन टाकायचं.

माझी खरी तक्रार पट्ट्याबद्दल आहे. मी बेताच्या अंगाची. या मशीनसोबत एकाच खांद्यावरून जाणारा पट्टा आला, आणि तो पूर्ण आवळला तरी माझ्यासाठी सैल. परिणाम असा की पेट्रोल-पात्यासकट आठ-नऊ किलोंच्या घरात जाणारं वजन सगळं एका खांद्यावर. नवऱ्याने एकदा अर्धी टाकी चालवून पाहिलं आणि "तुलाच छान जमतंय" म्हणून परत दिलं! दोन्ही खांद्यांवर येणारा, कमरेला बांधायचा पट्टा वेगळा घेतला तेव्हा कुठे काम सुसह्य झालं. विकणाऱ्याला विचारलं, की हाच सोबत का देत नाही? तर म्हणे, कोणी मागत नाही. हादरेही बरेच आहेत. टाकी संपली की हात थांबवायचेच. बोटं बधिर होईपर्यंत चालवत राहणं चांगलं नाही. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा हवाच, त्यात चर्चेला जागा नाही.

देखभाल अवघड नाही, पण लहरी कामाला हे मशीन नाही. माझ्या मशीनला २५:१ प्रमाण सांगितलंय, म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल. काही मशीन्सना ५०:१ लागतं, तेव्हा आपली पुस्तिका पाहूनच मिसळा. काम झालं की टाकी रिकामी करते आणि आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं, आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा बसतो. एअर फिल्टरचा स्पंज दर एक-दोन टाक्यांनंतर झटकायचा, पात्याजवळच्या गिअरमध्ये अधूनमधून ग्रीस भरायचं. स्टार्टरची दोरी ओढून ओढून इंजिन चालू होत नसेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर स्पार्क प्लग काढून पुसा, चोक उघडा ठेवून चार-पाच वेळा दोरी ओढा, मग प्लग लावा.

पातं बदलताना एक गोष्ट पुस्तिकेत सापडली नाही. पात्याच्या नटाला उलटे आटे असतात. आधी इंजिन पूर्ण बंद करून प्लगची टोपी काढायची, गिअरच्या डोक्यावरचं भोक आणि खालच्या चकतीचं भोक जुळवून त्यात अ‍ॅलन की अडकवायची, आणि नट सैल करायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. नेहमीच्या सवयीने उलटं फिरवलंत तर तो आणखी घट्ट बसतो.

पाचपैकी साडेतीन. इंजिनला चार, सोबतच्या पट्ट्याला आणि दोरीच्या डोक्याला मिळून एक. उंचापुऱ्या माणसाने ५२ सीसी बिनधास्त घ्यावं. माझ्यासारख्यांनी आधी ४३ सीसी खांद्यावर अडकवून पाहावं, आणि दुकानातच पट्टा बांधून, थोडं चालून, वाकून बघितल्याशिवाय कोणतंच घेऊ नये.