सुधीर कक्कर यांचं ‘इंटिमेट रिलेशन्स’: कुठून वाचावं, कुठे सावध राहावं

‘कामसूत्रा’चे सहअनुवादक म्हणून कक्करांचं नाव ऐकून कुणी हे पुस्तक घेणार असेल, तर आधीच सांगून ठेवतो: १९८९ सालच्या या पुस्तकात आसनंही नाहीत आणि सल्लाही नाही. नवरा-बायकोला एकमेकांकडून काय हवं असतं आणि ते बोलून का दाखवता येत नाही, एवढाच विषय.

कक्कर मूळचे इंजिनिअर, पुढे अर्थशास्त्रात डॉक्टरेट. मनोविश्लेषक एरिक एरिक्सनच्या सहवासात मनोविश्लेषणाकडे वळले, फ्रँकफर्टला शिकले, दिल्लीत प्रॅक्टिस केली आणि उत्तरायुष्यात गोव्यात राहिले. या पुस्तकात मात्र विश्लेषकाच्या कोचवर पेशंटपेक्षा गोष्टीच जास्त आहेत: कृष्णा सोबतींची हिंदी कादंबरी ‘मित्रो मरजानी’, लोककथा, हिंदी सिनेमा. सिनेमा म्हणजे सगळ्यांनी मिळून पाहिलेलं दिवास्वप्न, असं धरून ते नायकांचे साचे काढतात. एक झुरणारा मजनू, दुसरा खोड्या काढणारा कृष्ण. वाचायला मजा येते, पण प्रकरण आता जुनं वाटतं.

खरी अडचण पद्धतीतच आहे. दवाखान्यात विश्लेषकाने लावलेला अर्थ चुकला, तर पेशंट चिडतो, गप्प होतो, पुढच्या वेळी वेगळंच स्वप्न सांगतो. अर्थ तिथल्या तिथे तपासला जातो. कादंबरी किंवा आत्मचरित्र उलट उत्तर देत नाही. गांधींवरच्या प्रकरणात हे फार जाणवतं. वडिलांच्या मृत्यूची रात्र (तेव्हा गांधी बायकोजवळ होते), १९०६चं ब्रह्मचर्यव्रत, आहाराचे प्रयोग हे धागे कक्कर सुरेख जोडतात: जीभ जिंकली की वासना जिंकली. जुळणी इतकी चपखल बसते की शंकाच येते.

म्हणून सर्वांत भक्कम वाटतं ते दिल्लीच्या झोपडपट्टीतल्या बायकांचं प्रकरण, कारण तिथे समोरून जिवंत माणूस बोलतं. शरीरसंबंधाला या बायका ‘काम’ किंवा ‘धंदा’ म्हणतात. मार, दारू, पैशाची ओढाताण सगळं सांगून होतं, तरी ‘जोडी’ची आस काही सुटत नाही. नवऱ्याने आपल्याला आपलं म्हणावं, एवढीच ती आस. कक्कर इथे सिद्धान्त मागे ठेवतात, ते बरं करतात.

‘भारतीय’ हे विशेषण मात्र सैल वापरलंय. यातली बरीचशी सामग्री हिंदी-पंजाबी पट्ट्यातली आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या असत्या, तर भाऊ आणि माहेर यांनाही जागा द्यावी लागली असती.

सुरुवात झोपडपट्टीच्या प्रकरणापासून करा, मग गांधी. स्त्री-पुरुष कल्पनांवरचं प्रकरण शेवटी घ्या. आई-मुलाच्या नात्याबद्दलची त्यांची मांडणी ठाऊक नसेल तर ते जड जातं. त्यासाठी १९७८चं ‘द इनर वर्ल्ड’ आधी वाचलेलं बरं.