सिल्डेनाफिल की टाडालाफिल? काम दोन्ही करतात, प्रश्न नाकाचा आहे

‘दोन्ही एकच हो साहेब, कंपनी वेगळी.’ असं म्हणून मेडिकलवाल्यानं सिल्डेनाफिलच्या चिठ्ठीवर टाडालाफिलची स्ट्रिप पुढे सरकवली आणि माझं डोकंच फिरलं. शेजारी कॉलनीतले दोघं-तिघं उभे, त्यामुळे भांडायचं तेही कुजबुजत. कंपनी बदलली तर एकवेळ चालेल, इथं तर औषधच बदललं होतं! दोन्ही लिंगाच्या ताठरतेसाठीचीच, पण वेगवेगळी.

मी दोन्ही गोळ्या कित्येक महिने घेतल्यात. मधुमेह जुना, वय पन्नाशीपार, ताठरता टिकेना. डॉक्टरांनी आधी साखर, रक्तदाब, ईसीजी सगळं बघितलं, कारण ही तक्रार कधीकधी हृदयाच्या दुखण्याची पहिली खूण असते म्हणे. मग ५० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल लिहून दिली.

गोळी चालते, त्यात वाद नाही. अर्ध्या ते एका तासात लागू पडते, चारेक तास असर राहतो. मात्र इच्छा नसताना घेऊन मॅच बघत बसलात तर पैसे वाया. तुपकट जेवणावर घेतली तर तासभर उशीर होतो, म्हणजे मटणाचा रविवार बाद.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण नाक! ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यात नाकातल्याही आल्या. आतून सूज आल्यासारखं होतं आणि दोन्ही नाकपुड्या ठप्प. ऐन वेळी तोंडानं श्वास घेत, नाकात बोलत असलेला नवरा बघून बायको म्हणाली, ‘अहो, सर्दी झालीय तर झोपा ना गुपचूप.’ वाफ घ्यावी तर रात्री अकराला गॅसवर पातेलं ठेवताना आई विचारणार, काय झालं रे? नाकात टाकायचे थेंब डॉक्टरांनी रक्तदाबामुळे नको म्हटले. काहींना सगळं निळसर दिसतं, तो प्रकार मला कधी झाला नाही. त्याची भरपाई नाकानं केली.

म्हणून टाडालाफिल, १० मिलिग्रॅम. जेवणाचं बंधन नाही, असर ३६ तासांपर्यंत. शनिवारी रात्री घेतलेली रविवारीही कामाला येते, म्हणजे एका गोळीच्या पैशात दोन दिवस. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला आणखी काय हवं! नाकही बऱ्यापैकी मोकळं. सुरुवातीला कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून हिलाच पसंती दिली असती.

मग कंबर सुरू झाली. गोळी घेतल्यावर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी. कंबर आणि मांड्या अशा भरून येतात की स्कूटर स्टँडवर चढवताना आई आठवते. आधी गादीला दोष दिला, मग रस्त्यातल्या खड्ड्यांना. डॉक्टरांनी सांगितलं, या गोळीनं काहींना होतं, दोनेक दिवसांत आपोआप जातं. पण मला सोमवारी दिवसभर काउंटरवर उभं राहायचं असतं. तेव्हा नाक पत्करलं आणि परत सिल्डेनाफिलवर आलो. आता रात्री भाकरी-भाजी, तीही लवकर, आणि डोक्याखाली दोन उशा.

‘एकच’ म्हणणाऱ्यावर मी चिडलो ते नुसत्या कंबरेसाठी नाही. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटच्या गोळ्या (हृदयविकारात छातीत दुखण्यावर देतात त्या) चालू असतील तर या दोन्ही वर्ज्य, रक्तदाब धाडकन खाली येतो. आणि यातली गोळी घेतल्यावर छातीत दुखलं, तर नायट्रेट द्यायच्या आधी सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास जावे लागतात. इमर्जन्सीत डॉक्टर विचारणार, कोणती घेतली, कधी घेतली? तिथं ‘कंपनी वेगळी’ सांगून कसं चालेल? गंमत बघा, सिल्डेनाफिलची चाचणी मुळात छातीतल्या दुखण्यासाठीच चालली होती. हा दुसराच गुण लक्षात आला आणि १९९८ साली अमेरिकेत या कामासाठी तिला मंजुरी मिळाली. टाडालाफिलला तिथं २००३ साली.

आता डॉक्टर टाडालाफिलचीच ५ मिलिग्रॅमची रोजची गोळी सुचवताहेत. प्रोस्टेटमुळे रात्री दोनदा उठावं लागतं, त्यालाही उपयोग होईल म्हणतात. डोस कमी म्हणून कंबरही कदाचित गप्प बसेल. पण महिन्याला ३० गोळ्या! आणि गावाला गेलो तरी चालूच. आठवड्यातून एखाद्या वेळेसाठी रोजचं मीटर कशाला, असं अजून वाटतंय. जेनेरिकचा भाव काढून ठरवीन. ही रोजची कुणी घेत असाल तर एवढंच सांगा, नाक चोंदतं का?