सेडिमेंट ट्रॅप: 21 पैकी 14 बाटल्या चालल्या, साडेतीन स्टार

कंपनीचं नाव नाही सांगणार, पण घ्यायच्या विचारात असाल तर वाचा. सेडिमेंट ट्रॅप म्हणजे खोल समुद्रात वरून पडणारे कण गोळा करायचं यंत्र. भलंमोठं नरसाळं आहे, तोंड अर्ध्या चौरस मीटरचं, वर मधाच्या पोळ्यासारखी जाळी, खाली 21 बाटल्यांचं चक्र. एकेक बाटली 17 दिवस नरसाळ्याखाली थांबते, मग मोटर पुढची आणते, असं जवळपास वर्ष निघतं. मेलेले प्लवक, त्यांची विष्ठा, शंखांचा चुरा असलं काय काय वरून खाली येत असतं आणि त्याच्याबरोबरच कार्बन तळाकडे जातो, तेच पकडायचं.

अरबी समुद्रात हे नवीन नाही, 1986 पासून गोव्याच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) हॅम्बुर्ग विद्यापीठासोबत असे ट्रॅप टाकले आणि पावसाळ्यात खाली जाणारा माल वाढतो हे त्यातून दिसलं. आम्ही मार्चमध्ये टाकला होता. मे महिन्याच्या बाटलीत नखभर थर, ऑगस्टच्या बाटलीत चांगला दोन बोटं! रॅकमध्ये ओळीने लावल्या की ग्राफ काढायची गरजच नाही, इथे पैसे वसूल.

पण ऑक्टोबरात 14व्या बाटलीवर चक्र अडकलं ते अडकलंच. ती गळ्यापर्यंत भरली, पुढच्या सात कोऱ्या, थंडीत खाली येणाऱ्या मालाची दुसरी छोटी वाढ हुकली. सर्व्हिसवाल्यांना मेल केली तर म्हणे लॉग पाठवा, लॉग पाठवून दोन महिने झाले.

आणि वेचणं! बाटलीत फॉर्मेलिन असतं, त्यात कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) स्वतःच पोहत येऊन मरतात, ते वरून पडलेले नाहीत म्हणून मोजायचे नाहीत, मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक काढायचे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे तांदूळ निवडतोयस की काय.

200-300 मीटरवर लावणार असाल तर हा घेऊच नका. तिथे प्रवाह तोंडावरून आडवा जातो, कण कमी-जास्त पडतात. केन ब्युसेलर या सागरी रसायनशास्त्रज्ञाने 1991 मध्येच थोरियम-234 शी ताळा करून वरचे ट्रॅप चुकतात हे दाखवलंय (हे किरणोत्सर्गी थोरियम पाण्यातल्या युरेनियमपासून बनतं, कणांना चिकटतं, अर्धायुष्य 24 दिवस, पाण्यात युरेनियमच्या मानाने जेवढं कमी भरेल त्यावरून खाली किती गेलं तो हिशोब). वरच्या थराला प्रवाहाबरोबर अधांतरी वाहत जाणारा ट्रॅप लागतो. 1500 मीटरखाली मात्र आमच्यासारख्या तळाशी बांधलेल्या ट्रॅपवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

अजून एक, अकूस्टिक रिलीज (जहाजावरून आवाजाचा इशारा दिला की तळाचं वजन सोडून ट्रॅप वर येऊ देणारा हूक) दोन लावा, पैसे वाचवू नका. आमच्या पहिल्याने हूं की चूं केलं नाही, दुसऱ्यावर ट्रॅप वर आला.