राडारोडा कुणाच्या हवाली करायचा: ठेकेदार, महापालिका की भंगारवाला?

घराचं रिनोव्हेशन काढलं की दोन-तीन ठेकेदारांची कोटेशनं येतात. त्यांतली सगळ्यात फसवी ओळ शेवटी असते: 'डेब्रिजसकट' किंवा 'डेब्रिज एक्स्ट्रा', म्हणजे फोडाफोडीचा राडारोडा नेण्यासकट की त्याचे पैसे वेगळे. टाइल्सच्या रंगावर घरात आठवडाभर वाद होतात, पण या ओळीकडे कुणी बघत नाही. खरं तर मजुरीत घासाघीस करून जे वाचवता, ते इथे सहज घालवून बसता, आणि वर नियमभंग तुमच्या नावावर लागतो तो वेगळाच.

मुंबईतल्या फ्लॅटवाल्यापुढे आज तीन वाटा आहेत: ठेकेदाराचा टेम्पो, महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आणि भंगारवाला. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचं गणित वेगळं, त्याकडे नंतर येतो.

आधी वजनाचा अंदाज घ्या

महापालिका 500 किलोपर्यंतचा घरगुती राडारोडा मोफत उचलते, त्यापुढे टनामागे पैसे घेते. अर्धा टन म्हणजे भरपूर असं ऐकताना वाटतं, म्हणून एकदा हिशेब करूनच बघू.

6 बाय 4 फुटांचं बाथरूम घ्या. भिंतींना 7 फुटांपर्यंत टाइल्स. टाइल आणि मागचा मसाला मिळून सव्वा इंच जाडी धरली, तर नुसत्या भिंतींचा माल पाऊण टनाच्या घरात जातो. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. हा भराव 10 इंचांचा असला तर तोच टनाच्या आसपास भरतो. म्हणजे एका बाथरूममागे पावणेदोन टन. जिन्यावरून उतरवता येईल अशी गोणी तीसेक किलोची धरली, तर पन्नास-साठ गोण्या झाल्या. हॉल मोठा करायला 10 फूट लांब आणि 9 फूट उंच अशी अर्ध्या विटेची भिंत पाडलीत, तर प्लास्टरसकट आणखी सव्वादोन टन.

थोडक्यात, मोफतच्या मर्यादेत किचनचा ओटा आणि इकडचं-तिकडचं प्लास्टर बसतं. बाथरूम फोडलं की खिशात हात घालावाच लागतो, आणि खरी तुलना तिथूनच सुरू होते.

ठेकेदाराचा टेम्पो

सोय म्हणाल तर याला तोड नाही. फोडणारे, गोण्या भरणारे आणि खाली उतरवणारे एकाच मुकादमाचे लोक, संध्याकाळी टेम्पो लागतो आणि जिना मोकळा होतो. वॉचमन खूश, सेक्रेटरी खूश.

प्रश्न टेम्पो गेटबाहेर पडल्यानंतरचा आहे. मुंबई महापालिकेचे राडारोडा प्रक्रियेचे दोन प्रकल्प आहेत, एक दहिसरला कोकणीपाड्यात आणि दुसरा शिळफाट्याजवळ. दादरहून भरलेला टेम्पो यांपैकी कुठेही न्यायचा तर डिझेल, ट्रॅफिक आणि तिथलं शुल्क आलं. त्यापेक्षा जवळच कुणाला भरावासाठी माल हवा असेल तर टेम्पोवाला तिकडेच वळणार. कुणी आपल्या प्लॉटच्या जोत्यात विटा-काँक्रीट भरून घेतलं तर त्यात मोठंसं वावगं नाही, पण जोतं दरवेळी मिळत नाही. मग रात्री खाडीकिनारा गाठला जातो. ठाणे खाडीपासून मालाडपर्यंत खारफुटीत पडलेले ढीग कुठून आले, याचं उत्तर बहुतेकदा अशाच 'डेब्रिजसकट' कोटेशनांत सापडतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला, तेव्हा हा मामला निव्वळ अस्वच्छतेचा राहिलेला नाही.

नियमाच्या लेखी कचरा ज्याच्या कामातून निघाला, तो योग्य ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी त्याची, म्हणजे तुमची. 'मी तर ठेकेदाराला पैसे दिले होते' एवढ्यावर सुटका नाही. म्हणून ही वाट धरायचीच असेल तर शेवटचा हप्ता प्रक्रिया केंद्राच्या वजनपावतीवर अडकवून ठेवा, आणि ते कामाच्या कागदावर आधीच लिहून घ्या. पावतीचं नाव काढताच ठेकेदाराचा दर वाढला, तर आधीचा दर कशाच्या जोरावर होता ते कळलंच.

महापालिकेची गाडी

इथे जमेची बाजू दोन शब्दांत: पावती आणि ठिकाण. शहर आणि पूर्व उपनगरांचा माल शिळफाट्याला जातो, पश्चिम उपनगरांचा दहिसरला. दोन्हींची क्षमता रोज 600 टनांची. तिथे काँक्रीट-विटा फोडून, चाळून, लोखंड वेगळं काढून खडी आणि वाळू तयार होते.

गैरसोयही आहे. नोंदणी करा, पैसे भरा, गाडीची वाट बघा. तोवर पन्नास-साठ गोण्या ठेवायच्या कुठे? पार्किंगमध्ये एक गाडी लावायला जागा नसलेल्या सोसायटीत हा सवाल जीवघेणा ठरतो. गोण्या खाली उतरवून गाडी लागेल तिथे मांडायची मजुरी वेगळी धरून चाला. आणि गाडी राडारोड्याची आहे. जुनी गादी, थर्माकोल, चिंध्या, रंगाचे डबे त्यात घुसडायचे नाहीत.

दोन गोष्टी तर निक्षून वेगळ्या ठेवा. पहिली पीओपीचं फॉल्स सीलिंग. पीओपी म्हणजे जिप्समच, आणि त्यातलं सल्फेट नव्या काँक्रीटला मारक असतं, त्यामुळे विटांच्या गोण्यांत ते मिसळलं की चांगला मालही नासतो. दुसरी म्हणजे गच्चीवरचे किंवा पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे. त्यांत ॲसबेस्टॉस असतो. ते हातोड्याने फोडून गोणीत भरणं म्हणजे ती धूळ मजुरांच्या आणि आपल्या छातीत भरणं. ते अख्खेच उतरवा, शक्यतो भिजवून, आणि त्यांची विल्हेवाट वॉर्ड ऑफिसला विचारूनच लावा.

भंगारवाला

हा तिसरा पर्याय खरं तर पहिल्या दोघांच्या आधीची पायरी आहे. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, लोखंडी ग्रील, पितळी नळ, तांब्याची वायर यांना रोकडा भाव आहे. जुन्या चाळीतल्या किंवा साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारतीतल्या दाराची चौकट सागवानी असेल तर ती भंगाराच्या वजनावर विकू नका, जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला दाखवा. कडाप्प्याचा ओटा सावकाश उचकटला तर अख्खा निघतो आणि गावच्या घराला लागतो. कमोडला मात्र कुणी विचारत नाही.

खटका उडतो तो 'भंगार कुणाचं' यावर. ठेकेदाराने दर काढताना तुमच्या खिडक्या स्वतःच्या खात्यात धरलेल्या असतात आणि तुम्हाला वाटतं त्या तुमच्याच. हेही कागदावर हवं. आणि विकायचं ते पहिला घाव पडायच्या आधी काढून घ्या. ब्रेकर चालल्यावर वाकलेली चौकट आणि प्लास्टरमध्ये गाडलेली वायर वेचत बसायला कुणालाच वेळ नसतो.

माझा कौल असा: एखादं बाथरूम किंवा भिंत असेल तर आधी भंगार वेगळं काढा, ठेकेदाराला फक्त फोडण्याची आणि उतरवण्याची मजुरी द्या आणि माल महापालिकेच्या गाडीत घाला. गल्ली अरुंद असेल, गोण्या रात्रभरही ठेवता येत नसतील, तर ठेकेदाराचा टेम्पो, पण पावतीच्या अटीवर. 500 किलोंच्या आतल्या कामाला फार विचार करायचं कारण नाही. तिथे मोफत सेवाच घ्या.

अख्खी इमारत पाडायची असेल तर

2016 च्या केंद्रीय नियमांनी मोठ्या कामासाठी दिवसाला 20 टन किंवा महिन्याला प्रकल्पामागे 300 टन अशी रेष आखली. त्या नियमांनुसार त्यापुढे गेलात की माल चार भागांत वेगळा करायचा (काँक्रीट; माती; लोखंड, लाकूड व प्लास्टिक; विटा आणि मसाला) आणि पाडकामाआधी विल्हेवाटीचा आराखडा मंजूर करून घ्यायचा. पक्की इमारत पाडताना चौरस मीटरमागे 300 ते 500 किलो माल निघतो असा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे 1,000 चौरस मीटरची वीसेक बिऱ्हाडांची साधी सोसायटीसुद्धा महिन्याभरात पाडली की या रेषेवर येतेच. 2025 च्या एप्रिलमध्ये नवे नियम अधिसूचित झाले, त्यांची अंमलबजावणी 1 एप्रिल 2026 पासूनची. 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर त्यात पुनर्वापराची लक्ष्यं लादली आहेत. तुमचा बिल्डर कुठल्या नियमांखाली परवानगी घेतोय, हे सभेत विचाराच.

मुंबईत हा मुद्दा बिल्डरच्या मर्मावर बसलेला आहे. देवनार आणि मुलुंडच्या डंपिंग ग्राउंडची दशा बघून उच्च न्यायालयाने 2016 मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या मोकळ्या केल्या, तेही राडारोड्याच्या विल्हेवाटीच्या अटीसकट.

पाडकामाचे प्रकारही दोन. पोकलेन लावलं तर इमारत झटक्यात भुईसपाट, पण सगळ्याचा काला होतो. मजूर लावून वरून खाली उतरवत आणलं तर वेळ जातो, मात्र दारं-खिडक्या, सळ्या, कधीकधी विटासुद्धा धड निघतात. पाडकामवाले या मालासाठी उलट पैसे मोजतात. ते पैसे सोसायटीचे की बिल्डरचे, हे विकास करारात लिहिलेलं नसेल तर ते बिल्डरचेच होतात. मधला मार्ग चांगला: आधी हाताने आतलं सगळं उतरवा, मग सांगाड्याला मशीन.

मुंबईबाहेर असाल तर पुण्याचं प्रक्रिया केंद्र वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचं मोशीला, ठाण्याचं डायघरला, नवी मुंबईचं तुर्भ्याला. दर आणि मोफतची मर्यादा प्रत्येक शहराची आपापली, त्यामुळे मुंबईतला 500 किलोंचा आकडा तिकडे चालेल असं गृहीत धरू नका.

सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर पुनर्वापराच्या मालाचे ब्लॉक कोटेशनमध्ये जरूर मागवा. 'भंगारातली खडी कच्ची' म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना आयएस 383 हे खडी-वाळूचं भारतीय मानक दाखवा: 2016 च्या या मानकात काँक्रीट फोडून केलेली खडी बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम 25 दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के आणि अगदी हलक्या दर्जाच्या काँक्रीटमध्ये पूर्ण 100 टक्के चालते. कॉलम-बीमला लागेल ती काळजी घ्या, पण सायकल स्टँडच्या फरशीला नव्या खाणीची खडी कशाला?